माझ्यावर मत घेऊ नका

पालखी माझ्या अंगणाच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली. आत आली नाही.

शिमग्याचे दिवस. ऊन कलायला लागलं होतं. मी अंगण सारवून घेतलं होतं, रांगोळी काढली होती, देवीला टेकायला पाट मांडला होता. ताटात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. वर्षातून एकदा ग्रामदेवी देवळातून निघते आणि घरोघर येते. भोई पालखी अंगणात नाचवतात, पाटावर टेकवतात, मग घरातली बाई पुढं होऊन ओटी भरते. पालखी दारात आली म्हणजे ते घर गावातलं. इतकं साधं आहे ते.

माझी मुलगी श्रावणी माझा पदर धरून उभी होती. तेव्हा तिसरीत. तिला पालखीखालून जायचं होतं. सगळी पोरं जातात.

आदल्या पावसाळ्यात माझा नवरा गेला होता. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. पाळी संपवून मोटरसायकलवरून घरी येत होता, हायवेवर ट्रकनं उडवलं. त्यानंतर मी तिथंच एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. माझं माहेर तुडील, सावित्रीच्या काठावरचं. भाऊ म्हणाला, ये इकडं. मी गेले नाही. माझं घर इथं होतं.

ढोल थांबले. गर्दीतून गुरुजी पुढं आले.

गुरुजी म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गावकीचे अध्यक्ष. गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. गावकी म्हणजे देवळातली बैठक. घरटी एक पुरुष. बाई नाही. देवाचं, पाण्याचं, लग्नाचं, भांडणाचं सगळं तिथं ठरतं. गुरुजींचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही.

"सूनबाई, ओटी तुझी थोरली जाऊ भरेल. तू आत जा."

जाऊ शेजारच्याच दारात उभी होती. आमची दोन घरं एका भिंतीची. ती खाली बघत होती.

मी काही धीट बाई नाही. हे आधीच सांगते. लहानपणापासून मी भित्री. पण तोंडातून निघून गेलं.

"घर माझं हाय, गुरुजी. ओटी मीच भरणार."

 पाठीमागं कुणीतरी हसलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मान डोलवली, वर्गात पोराचं उत्तर चुकल्यावर डोलवायचे तशी.

"हे मी एकट्याने ठरवणार नाही. आपण लोकशाही मानणारी माणसं आहोत. गावाला विचारू." आणि ते गर्दीकडं वळले. "विधवा बाईने देवीची ओटी भरू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

विधवा. नवरा गेल्यापासून तो शब्द माझ्या अंगणात कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

हात वर झाले. गुलालानं भरलेले हात. त्यातले कितीतरी माझ्या ओळखीचे. ज्या हातांनी माझ्या नवऱ्याची तिरडी बांधली ते. ज्यांच्या पोरांच्या बारशाला मी पोळ्या लाटल्या त्यांचे. माझ्या दिराचा. भोयांना हात वर करता येत नव्हता, खांद्यावर दांडी होती. त्यातल्या एकानं मोकळा हात वर केला. पालखी कलली. मला वाटलं, देवी पडणार.

पडली नाही. वळली. ढोल परत सुरू झाले आणि सगळं गाव जावेच्या अंगणात गेलं. मी ताट धरून उभी. 

"आये, पालखी चुकली का?" श्रावणीनं विचारलं.

चुकली नव्हती. मतानं वळवली होती.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. मी चुलीवर भात टाकत होते. देवळाचा भोंगा खरखरला. मला वाटलं, आरती. आरती नव्हती. माझं नाव कुणी घेतलं नाही. "सदर घर" असं म्हणाले. सदर घरानं गावाचा आणि देवीचा अपमान केला आहे. आजपासून सदर घराशी कुणी बोलणं-चालणं, देणं-घेणं, जाणं-येणं ठेवायचं नाही. ठेवील त्याच्यावर हीच पाळी येईल. सदर घरानं देवळाच्या पायरीवर डोकं ठेवून माफी मागितली तर विचार होईल. ठराव एकमतानं मंजूर.

डोंगरातून आवाज परत आला. मंजूर, मंजूर.

वाळीत टाकणं हा शब्द मी ऐकलेला होता. आमच्या रायगडात कोण ऐकत नाही? पेपरात येतं. मला वाटायचं, त्यात मारतात, घर जाळतात. तसं काही होत नाही. काहीच होत नाही. तेच भयंकर.

दुकानात गेले. दुकानदार माझ्या आरपार मागच्या माणसाकडं बघायचा. "काय देऊ?" मागच्याला. गिरणीत गेले. पट्टा फिरतोय, पीठ पडतंय, आणि गिरणीवाला म्हणतो, "लाईट नाय." म्हणतो तेसुद्धा भिंतीकडं बघून. पोलादपूरला जाणारी गावची रिक्षा माझ्याजवळ आली की वेग वाढायचा. श्रावणी शाळेतून आली की गप्प बसायची. खेळायला कुणी घेत नव्हतं. गावच्या मोबाईलच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. मी कामाला जायचे, कारखान्यात बायांशी बोलायचे, हसायचे सुद्धा. परत येताना गावाचा फाटा दिसला की पदर डोक्यावरून ओढून घ्यायचे. घरात शिरले की आधी सगळ्या खोल्या बघायच्या. कशासाठी, ते मलाच सांगता येणार नाही. कुणी लपलेलं नसायचं. कुणीच नसायचं.

जाऊ एकदा भिंतीपलीकडून बोलली. तोंड न दाखवता.

"मी काय करू गो? त्यांनी हात वर केलान, मंग मी कशी बोलू? तू माफी माग नि मोकळी हो."

मला तिचा राग आला नाही. तीही घाबरलेली होती, माझ्यासारखीच.

एक दिवस पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बौद्धवाडीतली सुनंदा भेटली. वाडी आमच्या गावचीच, पण ओढ्याच्या पलीकडं. ती आशाताई आहे, घरोघर गोळ्या वाटते. बाकावर माझ्या शेजारी बसली. कितीतरी दिवसांनी कुणी असं शेजारी बसलं होतं. मला रडू फुटलं. मी तिला पालखीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. डोळे पुसले नाहीत माझे.

"वैनी, तुमच्या दारातून पालखी यंदा वळली," ती म्हणाली. "आमच्या वाडीकडं ती कधी निघालीच नाय."

 गाडी आली. ती पुढं चढली, मी मागं. पण गावापर्यंत मी तिच्या पाठीकडं बघत होते.

पावसाच्या आधी मी गुरुजींकडं गेले. माफी मागायला नाही. पण भांडायलाही नाही. खरं सांगायचं तर गयावया करायला गेले. पोरीला खेळायला घेत नाहीत, तेवढं तरी सोडा, म्हणायला.

त्यांनी मला पडवीच्या पायरीवर बसायला सांगितलं. स्वतः खुर्चीत. बोलले ते शांतपणे, समजावणीच्या सुरात. ठरावात अध्यक्षांना बोलायची मुभा होती म्हणे.

"तुझ्या नवऱ्याला नागरिकशास्त्र मीच शिकवलं," ते म्हणाले. "हुशार होता. त्याला हे समजलं असतं. हे बघ सूनबाई, माझ्या आजोबांच्या काळात या गावात एकटा खोत ठरवायचा. त्याने बोट दाखवलं की माणूस गावाबाहेर. विचारायची सोय नव्हती. आम्ही ते बंद केलं. आता जे होतं ते सगळ्यांना विचारून होतं. बहुमत एकदा झालं की ते मानायचं. मलाही मानावं लागतं. तुझ्या मुलीचं मला वाईट वाटतं. पण माझ्या एकट्याच्या वाटण्याला लोकशाहीत किंमत नाही."

 त्यांचं खरंच वाटत होतं. सगळं गाव एकीकडं, मी एकटी. मग मीच चुकत असेन. मी पायरीवरून उठले, नमस्कारसुद्धा केला. वाटेनं येताना मनाशी ठरवत होते, देवळाच्या पायरीवर डोकं ठेवायचं. काय जातंय? दगडच तर आहे.

ठेवलं असतं. पाऊस आधी आला.

जुलैत लागला तो सुटेना. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, कारखान्याची गाडी बंद झाली. मी घरीच. गावात लाईट नाही. शाळा बंद. मी आणि श्रावणी चुलीजवळ बसलो होतो. मी तुडीलची, पुराची मला सवय. पाणी दिसतं. पायरी चढतं तेही दिसतं. माणूस उठून वर जातो. डोंगराचं तसं नसतं. डोंगर उभा असतो, उभा असतो, आणि मग नसतो. लग्न होऊन इथं आल्यापासून मला त्या डोंगराची भीती होती. नवरा हसायचा.

दुपारी माझ्या लक्षात आलं, भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. जावेचा खोकला नाही. भांड्याचा आवाज नाही. म्हैस ओरडत नाही.

मी इरलं घेऊन बाहेर आले. जावेच्या दाराला कुलूप. गोठ्यात दावं तुटल्यासारखं लोंबत होतं, म्हैस सोडलेली. पुढच्या घराला कुलूप. त्याच्या पुढच्याला कुलूप. एकाही कौलावर धूर नाही. मी हाका मारल्या. सदर घरानं हाका मारल्या. पावसाशिवाय कुणी उत्तर दिलं नाही.

ओढ्याचं पाणी तांबडं झालं होतं, जाड, पिठल्यासारखं. आणि वास येत होता. पावसाच्या मातीचा नव्हे. विहीर खणताना खालून येतो तो वास. डोंगराच्या पोटातला.

सगळं गाव गेलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पोरीला उचललं. मोठी झाली होती, उचलवत नव्हती. तरी उचललं. पाखाडीच्या पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहत होतं. दोनदा पडले. ती रडत नव्हती, माझ्या मानेत नखं रुतवून बसली होती. मागं वळून बघायची माझी छाती नव्हती. वाटत होतं, मी वळले की डोंगर सुटेल. शाळा खाली सपाटीवर; गाव गेलं असेल तर तिथंच. तिथं पोचेपर्यंत माझ्या तोंडाची चव रक्तासारखी झाली होती. ओठ चावला होता, तो कळलाच नव्हता.

शाळेच्या मोठ्या वर्गात सगळं गाव बसलेलं. घोंगड्या, बोचकी, कंदील. दुसऱ्या वर्गात बौद्धवाडीची माणसं. मी दारात उभी राहिले आणि पुढच्या बायांनी आपापली बोचकी जवळ ओढली.

दाराजवळ गुरुजी होते. स्वेटर, कानटोपी.

"सकाळीच तलाठी साहेबांचा निरोप आला होता," ते म्हणाले. "दरडीचा धोका आहे, सगळ्यांनी शाळेत यावं म्हणून. ग्रुपवर टाकला होता."

"मला ग्रुपमधनं काढलंय, गुरुजी."

"हो," ते म्हणाले. "ते ठरावात होतं."

मी हात जोडले. हेही लिहिते. "पोरगी भिजलेय. आत येऊ द्या."

ते खरोखरच अडचणीत पडल्यासारखे दिसले. आत बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"माझी हरकत नाही. पण ठराव गावाचा आहे. मोडायचा तर गावाने मोडायचा. विचारू या. पडवीत बसायला कुणाची ना नसावी." मग त्यांनी घसा साफ केला. "ठराव कायम ठेवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

थोडा वेळ कुणी हललं नाही. मग कोपऱ्यात एक हात वर गेला. मग दुसरा. मग माझ्या दिराचा. यावेळी बायकाही होत्या, त्यांचेही हात गेले. जावेचा गेला, कोपरातून मोडल्यासारखा. आणि तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. शिमग्याला मी फक्त हात बघितले होते. आता तोंडं बघितली. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे एकमेकांच्या हाताकडं बघत होते. शेजारच्याचा वर झाला की याचा. कुणाचा खाली राहिला ते दिसू नये म्हणून. सगळा वर्ग घाबरलेला होता. डोंगराला नव्हे. एकमेकांना.

आणि माझ्या शेजारी काहीतरी हललं.

श्रावणीनं हात वर केला होता.

ओला, छोटा हात. सरळ ताठ. वर्गात शिकवतात तसा.

"तू का गो हात वर केलास?"

"सगळ्यांनी केला ना, आये." तिचे दात वाजत होते. "मी नाय केला तर मला पण बाहेर बसवतील."

ती दाराबाहेर उभी होती. पाण्यात.

माझ्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. राग नव्हता तो. धीरही नव्हता. भीती होती तेवढीच होती, उलट वाढली होती. पण आता ती दुसरीच भीती होती. डोंगर अंगावर आला तर ही पोर मरेल, ही एक. आणि हिचा हात असाच वर राहिला तर ही तशीच जगेल, ही दुसरी. ती जास्त मोठी होती.

मी तिचा हात धरून खाली केला. दोन्ही हातांनी. आणि आत गेले.

"सूनबाई," गुरुजी म्हणाले, "बहुमत..."

"ही शाळा गावकीची नाय, गुरुजी." माझा आवाज चिरका निघत होता. "सगळ्यांची हाय. माझ्या पोरीच्या जिवावर मत घेता येत नाय. मोजा किती हात मोजायचे ते. मी बसले."

बसले. भिंतीला टेकून. माणसं सरकली. जागा दिली म्हणून नव्हे, शिवू नये म्हणून. पण सरकली. मला उठवायला कुणी आलं नाही. मी वाट बघत होते, कुणीतरी दंडाला धरेल.  पोर माझ्या मांडीत. तिचा उजवा हात मी सोडला नाही.

समोरच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका रंगवलेली होती. सगळ्या शाळांत असते. आम्ही भारताचे लोक. पोरं रोज प्रार्थनेनंतर म्हणतात, मीही म्हणायचे. कंदिलाच्या उजेडात मला तिथले दोन शब्द दिसत राहिले. लोकशाही गणराज्य. शेजारी शेजारी. दहावीला मला प्रश्न आला होता, लोकशाही आणि प्रजासत्ताक, म्हणजे गणराज्य, यांतला फरक स्पष्ट करा. मी पाठ केलेलं लिहिलं होतं. लोकशाहीत लोक राज्य करतात, प्रजासत्ताकात राज्याचा प्रमुख जन्मानं ठरत नाही. मार्क मिळाले. समजलं काही नव्हतं. एका शब्दात भागत होतं तर दोन कशाला, असंही कधी मनात आलं नाही.

त्या दिवशी, तिथं बसून, मला समजलं. मला गुरुजींना जे उत्तर द्यायचं होतं ते पायरीवर सुचलं नव्हतं, ते तिथं सुचलं. खोत गेला. खरं आहे. आता सगळ्यांना विचारतात. तेही खरं आहे. पण खोताची गादी कुणी मोडलीच नाही. ती तशीच ठेवली आणि तिच्यावर सगळं गाव जाऊन बसलं. आधी एका खोताला भ्यायचं, आता घराघराला. गणराज्य म्हणजे जिथं ती गादीच नाही. एकाची नाही आणि सगळ्यांची मिळूनही नाही. कुणाला निवडून द्यायचं, रस्ता आधी कुठला करायचा, त्यावर हात वर करा, मोजा, मी मानेन. पण मी माणूस आहे की नाही, माझ्या पोरीनं छपराखाली बसायचं की नाही, हे हातांवर सोडायचं नसतं. ते आधीच ठरलेलं असतं. सगळे हात एका बाजूला गेले तरी ते हलत नाही. हलायला नको. म्हणून दोन शब्द.

संध्याकाळी वर डोंगरात आवाज झाला. मोठा ट्रक खडीसकट उलटावा तसा, पण थांबेचना. बायका ओरडल्या. म्हाताऱ्यांनी देवीचं नाव घेतलं. जाऊ सरपटत माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्याला धरलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि हात काढून घेतला. दरड आमच्या घरांपर्यंत न येता ओढ्यात उतरली. घरं वाचली. त्या आवाजानं सगळ्यांना सारखं घाबरवलं. त्यानं मत घेतलं नाही.

पाऊस उघडल्यावर सुनंदा घरी आली. सरळ पुढच्या दारानं. ठरावात ती बसत नव्हती, गावकीनं तिला कधी मोजलंच नव्हतं.

"त्या दिवशी मी दारातनं सगळं बघत होते," ती म्हणाली. "तुम्हाला आमच्या वर्गात बोलावणार होते. मंग म्हटलं, नको. तुम्ही तिथंच बसायला पायजे."

मी तिला विचारलं, हे पोलिसांत सांगशील का?  तिलाही गावातच राहायचं होतं, गावातल्याच घरांत गोळ्या वाटायच्या होत्या. तरी म्हणाली, "सांगेन."

बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे. मला तो पेपरातून माहीत होता. तो आपल्यासाठी असतो हे माहीत नव्हतं. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढताना मी दोनदा परत फिरले. आत एक बाई हवालदार होत्या. त्यांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता थांबल्या.

"बाई, सगळ्या गावाची नावं सांगताय. घाबरताय ना?"

"हो."

"मग?"

"घाबरते म्हणूनच आले."

सहीच्या वेळी मनात आलं, अजून उठून जाता येईल. पण केली.

गणपतीच्या आधी गुरुजी माझ्या अंगणात आले. एकटे. पोलीस गावात येऊन गेले होते. मी खुर्ची दिली. ते बसले. मला ते पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "माफीचं आम्ही सोडून देतो. तू फक्त तक्रार मागे घे. मी उद्याच बैठक बोलावतो. तुला गावात परत घ्यायचं, यावर मत घेऊ. माझा शब्द आहे, सगळे हात वर होतील. एकही खाली राहणार नाही."

मला माहीत होतं, ते खोटं बोलत नव्हते. सगळे हात वर झाले असते. गिरणी सुरू झाली असती. श्रावणीला खेळायला घेतलं असतं. जाऊ भिंतीच्या अलीकडं आली असती. मला ते सगळं पाहिजे होतं. 

श्रावणी उंबऱ्यात बसून ऐकत होती.

"नको, गुरुजी," मी म्हटलं. "मला परत घ्यायला मत घेऊ नका."

त्यांना कळलं नाही. "अगं, तुझ्याच बाजूने होणार आहे."

"म्हणूनच नको. तुमच्या हातांनी मी आत आले, तर उद्या त्याच हातांनी बाहेर जाईन. मी गावातच हाय. गेलेच नव्हते. ठराव चुकीचा होता, तो बेकायदा होता, तेवढं लिहून द्या. मत न घेता. नाहीतर कोर्टात बोलू."

 ते उठले. "तू एकटी पडशील," म्हणाले. धमकी नव्हती. ते मला खरंच सांगत होते.

"पडलेच हाय."

त्यांनी लिहून दिलं नाही. अजून दिलेलं नाही. गिरणीवाला अजून भिंतीकडं बघून बोलतो. कोर्टाची तारीख लागली की मी रजा काढते, सुनंदाला घेऊन महाडला जाते. आरोपींत माझा दीरही आहे; त्याचे वकील उलटसुलट विचारतात, मी तेच परत सांगते. घरी आले की मी अजून सगळ्या खोल्या बघते. भीती गेलेली नाही. जाईल असं मला वाटतही नाही.

पण तक्रार मी मागं घेणार नाही. आणि माझी मुलगी कुणी विचारलं म्हणून स्वतःविरुद्ध हात वर करणार नाही. ते मी तिला रोज शिकवते.